आर्ट डेको की मॉडर्निस्ट? सांगलीच्या रस्त्यांवर फरक कसा ओळखायचा

गोल कोपरा, सिमेंटचा गिलावा, सपाट गच्ची आणि लांबच लांब छज्जा दिसला की बहुतेक जण इमारतीला ‘आर्ट डेको’ म्हणून मोकळे होतात. साठ-सत्तरच्या दशकातला सिमेंटच्या जाळीचा बंगलाही मग त्याच खात्यात जातो. दोन्ही आरसीसीच्या, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटच्या काळातल्या, दोन्हींवर कोरीव दगड नाही, दोन्हींना छज्जे. तेव्हा घोटाळा होणारच. पण डेको ही मुख्यतः दर्शनी भागाची शैली आहे. मॉडर्निस्ट इमारतीत शैली ठरते सांगाड्यावरून, नकाशावरून आणि उन्हावरून. म्हणून अशा पायी फेरीत दर्शनी भाग शेवटी पाहावा. आधी बाजूच्या बोळात शिरावं.

थोडी पार्श्वभूमी. डेकोला जगभर पोहोचवलं ते पॅरिसच्या १९२५ च्या प्रदर्शनाने. मुंबईत १९३३ चं रीगल आणि १९३८ चं इरॉस ही चित्रपटगृहं, ओव्हल मैदानाच्या पश्चिमेची आणि मरीन ड्राइव्हची रांग ही त्याची ठळक उदाहरणं. २०१८ मध्ये हा समूह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. मॉडर्निझमची वाट वेगळी. १९१९ ची जर्मनीतली बाउहाउस शाळा, तिचे संस्थापक वॉल्टर ग्रोपियस, मग वास्तुकार ल कॉर्बुझिए आणि १९५१ नंतरचं त्यांचं चंदीगड. आपल्याकडचा दुवा म्हणजे कोकणातल्या आचऱ्याचे वास्तुकार अच्युत कानविंदे. ते हार्वर्डला ग्रोपियस यांच्याकडे शिकले आणि स्वतंत्र भारतातल्या संस्थांच्या इमारतींमध्ये ही दृष्टी त्यांनी आणली. शैली जिल्ह्याच्या गावांत पोहोचायला वेळ लागतो, त्यामुळे मुंबईच्या तारखा सांगलीला जशाच्या तशा लावू नयेत.

फेरीची सुरुवात आयर्विन पुलापासून करणं फायद्याचं. हा पूल १९२९ चा, म्हणजे मुंबईतल्या डेकोच्या लाटेच्या अगदी तोंडावरचा, पण बांधणी कमानींची. कमान भार दाबाने खाली नेते, म्हणून तिला जाड पाये लागतात. हे डोळ्यांत साठवून गणपती पेठ, मारुती चौक, हरभट रोड असं हिंडलं की सळईच्या सपाट स्लॅबने काय बदललं ते लगेच कळतं. तिथून रिक्षाने किंवा बसने मिरज रस्त्यावर विश्रामबागेकडे जावं. पेठेतल्या रस्त्याला चिकटलेल्या इमारतींनंतर तिथली चारी बाजूंनी मोकळी घरं पाहायला मिळतात.

पहिली परीक्षा भिंतीच्या जाडीची. खिडकीच्या बाजूला हात लावून पाहा. भिंत एक वीत, म्हणजे नऊ इंच भरली, तर ती बहुधा कॉलम-बीमच्या, म्हणजे काँक्रीटच्या खांब-तुळयांच्या मधली भरावाची भिंत आहे. दीड-दोन वितींची, चौदा ते अठरा इंचांची असेल, तर मजल्यांचा भार तीच वाहते आहे. जुन्या पेठांत पुष्कळदा पुढे डेकोचा चेहरा आणि मागे जाड विटांच्या किंवा मातीच्या भिंतींचं जुनं घर असतं. त्यात लबाडी काही नाही, दुकानाला नवं तोंड हवं असायचं. मात्र अशा इमारतीला मॉडर्निस्ट म्हणता येणार नाही.

दुसरी परीक्षा आडव्या खिडक्यांची. मॉडर्निस्ट इमारतीत कॉलम आत सरकवलेले असतात, त्यामुळे खिडक्यांची पट्टी खरोखर सलग जाते. डेकोत ती बऱ्याचदा सलग भासवलेली असते: दोन खिडक्यांमध्ये दीड-दोन फुटांचा विटांचा खांब, त्यावर आडव्या रेघा किंवा गडद रंग, वर एकच लांब छज्जा. लांबून पट्टी दिसते, जवळ गेल्यावर सुट्या खिडक्या. कोपऱ्यावरची खिडकी मात्र दोन्हीकडे सापडते. एवढ्यावरून निकाल देऊ नये.

खरी गंमत छज्ज्यात आहे, आणि इथे वेळ द्यावा. डेकोचा छज्जा भुवईसारखा असतो: चारी दिशांना एकाच रुंदीचा, कोपऱ्यावरून वळून जाणारा, बहुतेक वेळा खाली तीन समांतर रेघा घेऊन. त्याने सावली पडते, पण रुंदी ठरते ती रेषेसाठी. मॉडर्निस्ट छज्जा दिशा पाहून बदलतो.

हे आकड्यांत पाहू. सांगली सुमारे १६.८५ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि इथे सूर्य माथ्याशी येतो तो घड्याळातल्या बाराला नाही, साडेबाराच्या सुमारास. २२ डिसेंबरला त्या वेळी सूर्याची क्षितिजापासूनची उंची साधारण ५० अंश. म्हणजे दक्षिणेकडची चार फूट उंचीची खिडकी पूर्ण सावलीत ठेवायला जवळपास साडेतीन फूट छज्जा लागेल. मार्च आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात उंची ७३ अंशांवर जाते, तेव्हा सव्वा फूट पुरतो. थंडीतलं ऊन आत आलेलं चालतं, म्हणून दीड-दोन फुटांचा आडवा छज्जा दक्षिणेला योग्यच. पश्चिमेला हिशेब कोलमडतो. मार्चमध्ये साडेचारच्या सुमारास तीच चार फुटांची खिडकी झाकायला साडेसहा फुटांहून मोठा छज्जा हवा, आणि तो कोणी बांधत नाही. त्यामुळे विचार करून बांधलेल्या मॉडर्निस्ट इमारतीत पश्चिमेला उभ्या पट्ट्या, सिमेंटची जाळी किंवा खोल गॅलरी येते. मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भर दुपारी सूर्य किंचित उत्तरेला असतो, तेव्हा उत्तरेलाही थोडा छज्जा लागतो. मोबाइलमधलं होकायंत्र उघडून चारही बाजूंचे छज्जे ताडून पाहा: सगळीकडे सारखे असतील तर कौल डेकोकडे, बाजू बदलली की उपाय बदलत असेल तर मॉडर्निझमकडे.

पण जाळी दिसली की लगेच मॉडर्निस्ट ठरवू नका. नंतर गॅलरी बंद करताना बाजारातले सिमेंटचे तयार जाळीठोकळे सर्रास बसवले गेले. मूळ जाळी बीम आणि कॉलमच्या चौकटीत नेमकी बसते. मागाहून लावलेली कठड्यावर टेकलेली असते आणि वरच्या फटीत तुकडे कोंबलेले दिसतात.

जिन्याबाबत थोडक्यात. डेकोत जिना पुष्कळदा दर्शनी भागाच्या मध्यावर, उभ्या काचेच्या पट्टीमागे, गच्चीच्याही वर चढलेला आणि माथ्यावर झेंड्याची काठी. मॉडर्निस्ट इमारतीत तो बहुधा बाजूला, हवेसाठी जाळी लावून. मोझॅकची फरशी दोन्हीकडे असते, तिच्यावरून काही सिद्ध होत नाही. उगवता सूर्य, पायऱ्यापायऱ्यांचा माथा, गोल खिडकी, गिलाव्यातच उठवलेलं नाव आणि साल हे सगळं डेकोचं.

दोन्हींचं दुखणं मात्र एकच, छज्जा. तो भिंतीबाहेर झुकलेला असल्याने ताण वरच्या पृष्ठभागावर येतो आणि मुख्य सळई वरच असावी लागते. काँक्रीट ओतताना मजुरांचा पाय पडून ती खाली दबली, तर काही वर्षांत छज्जा मुळाशी, भिंतीलगत चिरतो. दुसरं म्हणजे सळईवर काँक्रीटचं आवरण कमी पडणं. ओल शिरते, सळई गंजते, गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि खालचा पापुद्रा सुटून पडतो. खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच नसली किंवा रंगाच्या थरांनी बुजली, तर पाणी उलटं भिंतीकडे ओढलं जातं. सुटलेल्या पापुद्र्याखाली उभं राहून फोटो काढू नका. नदीकाठच्या पेठांत पुराची भर पडते. २००५ आणि २०१९ च्या पुरांसारखं पाणी मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीत मुरतं, वरचा सिमेंटचा गिलावा ते बाहेर पडू देत नाही, क्षार फुलतात आणि गिलावा फुगून सुटतो. डेकोचा चेहरा त्या गिलाव्यातच असल्यामुळे त्याबरोबर नक्षीही जाते. पुन्हा सिमेंटने लिंपल्यास दुखणं वाढतं. आधी भिंत पुरती वाळू द्यावी आणि चुन्याचा गिलावा करावा.

निघायची वेळ साडेसातची. दुकानं उघडली की पाट्या, ताडपत्र्या आणि गाड्यांमुळे तळमजला दिसतच नाही. नंतरही पहिल्या मजल्याच्या वरचं, समोरच्या बाजूने पाहावं. अर्धा-एक इंच उठावाचं काम दिसायला ऊन तिरकं घासून जावं लागतं: थंडीत दक्षिणमुखी इमारती सकाळी लवकर, उन्हाळ्यात उत्तरमुखी, आणि पूर्वमुखी साडेअकराच्या आसपास. सात वाजता पूर्वमुखी भिंतीवर ऊन समोरून पडतं आणि सगळं सपाट दिसतं.

तळमजला आणि पहिला मजला डेकोचा, वर सत्तरच्या दशकातले दोन मजले, अशी जोडही भेटेल. जुना कठडा कुठे संपला ते शोधा. गिलाव्यात तिथे आडवी चीर असते आणि पुष्कळदा वरच्या खिडक्या खालच्यांच्या रेषेत नसतात. टिपणात त्या चिरेच्या खालचं आणि वरचं वेगवेगळं नोंदवावं, एकाच शैलीचं नाव दोन्हींना देऊ नये.