पुन्हा उकळलं की अन्न सुरक्षित होतं?

हॉटेलच्या तपासणी अहवालात ‘शिजवलेलं अन्न चुकीच्या तापमानाला ठेवलं’ असा शेरा दिसला की लोक हमखास म्हणतात, ‘त्यात काय, वाढताना उकळूनच देतात ना!’ हा समज जुना आहे आणि घातकही.

उकळल्यावर बहुतेक जिवाणू मरतात हे खरं. पण काहींनी तोवर अन्नात सोडलेलं विष तसंच राहतं. भाताचंच घ्या. ‘बॅसिलस सेरियस’ या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याचं टणक कवचातलं सुप्त रूप, भात शिजतानाही तग धरतात. मोठं पातेलं रात्रभर ओट्यावर राहिलं की वरचा भात गार लागतो, मधला मात्र तासन्‌तास कोमट असतो, आणि तिथेच त्यांतून जिवाणू वाढतात. त्यांचं उलटी आणणारं विष 121 अंश सेल्सिअसलाही टिकतं. फोडणी देऊन त्याचं काहीच बिघडत नाही. वास, चव नेहमीसारखीच.

म्हणून तर तपासनीस थर्मामीटर पातेल्याच्या मधोमध खुपसतो. 5 ते 60 अंश हा धोक्याचा पट्टा. शिजवलेलं अन्न 60 वरून 21 अंशांवर दोन तासांत आणि पुढच्या चार तासांत 5 अंशांवर यायला हवं. त्यासाठी ते उथळ ट्रेमध्ये पसरून गार करतात. फरशीवरच्या डागापेक्षा हा शेरा मला कितीतरी गंभीर वाटतो.