सक्रिय व्हिडिओ गेम (बालफिजिओथेरपी)

सक्रिय व्हिडिओ गेम म्हणजे बसल्या जागी बटणे न दाबता हात, पाय, धड किंवा सगळे शरीर हलवून खेळायचा व्हिडिओ गेम. याला एक्सरगेम असेही म्हणतात. हालचालींवर मर्यादा असलेल्या मुलांच्या फिजिओथेरपीत या खेळांचा वापर प्रामुख्याने 2006 नंतर वाढला. डाऊन सिंड्रोम, हालचालींतील समन्वयाचा विकार, मेंदूला झालेली दुखापत अशा अनेक अवस्थांमध्ये ते वापरले जातात. सर्वांत जास्त अभ्यास झाला आहे तो सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांवर, म्हणून ही नोंद मुख्यतः त्यांच्याविषयी आहे.

सेरेब्रल पाल्सीत वाढत्या मेंदूला जन्माआधी, जन्माच्या वेळी किंवा जन्मानंतर लवकर इजा झालेली असते. ती इजा पुढे वाढत नाही. परंतु मूल वाढत जाते तसे स्नायू ताठरतात, सांधे आखडतात आणि तोल सांभाळणे अवघड होते. एकच हालचाल हजारो वेळा, थोडी थोडी बदलत केली तर मेंदू ती शिकतो, हे फिजिओथेरपीचे मूळ सूत्र. आणि अडचणही तिथेच आहे. आठवड्यातून दोन-तीन सत्रांत इतके आवर्तन होत नाही. उरलेला व्यायाम घरी करून घ्यायचा असतो. “अजून पाचच वेळा, सोन्या” म्हणत रोज संध्याकाळी मुलामागे लागणाऱ्या आईला ही अडचण वेगळी समजावून सांगावी लागत नाही. सात वर्षांच्या मुलाला खांद्याच्या वर हात नेण्यात काय रस असणार? पडद्यावरचा चेंडू परतवायचा असेल तर मात्र तोच हात आपणहून वर जातो, आणि पुन्हा पुन्हा जातो.

उपकरणे

निन्टेन्डो कंपनीचा वी हा संच नोव्हेंबर 2006 मध्ये बाजारात आला. त्याच्या हातातल्या रिमोटमध्ये त्वरणमापक, म्हणजे हालचालीचा वेग कसा बदलतो ते टिपणारा संवेदक होता. रॅकेट फिरवल्यासारखा हात फिरवला की पडद्यावरचा खेळाडू टेनिस खेळे. डिसेंबर 2007 मध्ये जपानमध्ये त्याला बॅलन्स बोर्डची जोड मिळाली. चार कोपऱ्यांत चार दाबसंवेदक असलेल्या या पाटावर मूल उभे राहिले की शरीराचा भार कोणत्या बाजूला किती झुकतो, हे लगेच पडद्यावर दिसते. पेंग्विनला हिमनगावर डावी-उजवीकडे घसरवायचे असेल तर भार एका पायावरून दुसऱ्या पायावर न्यावाच लागतो. एका बाजूला अर्धांग असलेले मूल कमजोर पायावर भार टाकायला कचरते, त्याच्यासाठी हा खेळ नेमका उपयोगी. प्रयोगशाळेतील महागड्या फोर्स प्लेटशी, म्हणजे पायांचा दाब मोजणाऱ्या पाटाशी, तुलना केल्यावर उभे असतानाचा तोल मोजण्यात हा घरगुती पाट बराच विश्वासार्ह ठरला, असे 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. त्यामुळे थेरपिस्टांचे त्याच्याकडे आणखी लक्ष गेले.

नोव्हेंबर 2010 मध्ये मायक्रोसॉफ्टने किनेक्ट आणले. त्यात हातात काहीच धरायचे नसते. अवरक्त प्रकाशाच्या साहाय्याने समोरची गोष्ट किती अंतरावर आहे ते मोजणारा कॅमेरा खेळणाऱ्याच्या शरीरातील 20 सांध्यांचा मागोवा घेतो. ज्यांची मूठ नीट मिटत नाही किंवा मिटली की उघडत नाही, अशा मुलांसाठी ही मोठीच सोय होती. पण या कॅमेऱ्याची कल्पना मोकळ्या जागेत एकटे, सरळ उभे असलेले शरीर अशी होती. समोर वॉकर असला किंवा मूल व्हीलचेअरमध्ये असले की तो गोंधळतो. पडू नये म्हणून थेरपिस्ट मुलाला पाठीमागून धरून उभी असेल तर कोणाचा हात कोणता हेच त्याला कळेनासे होते.

थेरपिस्टचे काम

या पद्धतीबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज असा, की संच लावून दिला की थेरपी सुरू झाली. बाजारातले खेळ निरोगी माणसांसाठी बनलेले असतात. मुले हुशार असतात. वीच्या टेनिसमध्ये खांदा न हलवता नुसते मनगट झटकले तरी फटका बसतो, हे त्यांना दोन मिनिटांत कळते. गुण वाढत जातात आणि हवी ती हालचाल होतच नाही. टोरोंटोच्या ब्लूरव्ह्यू संशोधन संस्थेतील 2012 च्या अभ्यासात हेच वेगळ्या अंगाने दिसले: सेरेब्रल पाल्सी असलेली 17 मुले नाच आणि बॉक्सिंग खेळताना मध्यम तीव्रतेचा व्यायाम होण्याइतकी हलली, मात्र दोन्ही हातांच्या खेळात चांगल्या हाताचा वेग बाधित हातापेक्षा बराच जास्त होता. म्हणजे खेळ मुलावर सोपवला तर मूल बऱ्या हातानेच जिंकते.

म्हणून खरी कला खेळ निवडण्यात आणि वाकवण्यात आहे. रिमोट बाधित हाताला पट्ट्याने बांधायचा. मुलाला पाठ नसलेल्या स्टुलावर बसवायचे, म्हणजे धडाचे स्नायू कामाला लागतात. बोर्डापुढे आधाराला दांडी ठेवायची आणि काही आठवड्यांनी ती काढून घ्यायची. बोर्ड जमिनीपासून साधारण 5 सेंटिमीटर उंच असतो. काही मुलांच्या बाबतीत त्यावर चढणे आणि उतरणे हाच त्या दिवसाचा व्यायाम ठरतो. केव्हा “आता मनगट नको, खांद्यातून मार” असे सांगायचे आणि केव्हा गप्प बसून मुलाला मनासारखे खेळू द्यायचे, याचा अंदाज अनुभवानेच येतो.

आवाजाकडेही लक्ष द्यावे लागते. वी फिट या खेळातला आभासी प्रशिक्षक तोलाची चाचणी बिघडली की, तुम्ही चालताना अडखळता का, असे विचारतो. जे मूल रोजच अडखळते त्याला पडद्यावरून हे ऐकवणे क्रूर आहे. अशा वेळी आवाज बंद करून शाबासकी थेरपिस्टनेच द्यावी.

पुरावा

2008 मध्ये अमेरिकेतील एका संशोधनपत्रिकेत, सेरेब्रल पाल्सी असलेल्या 13 वर्षांच्या एका मुलाला वी वापरून दिलेल्या थेरपीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्याला दोन्ही पायांत जास्त ताठरपणा होता. 1997 पासून वापरात असलेल्या पाच पायऱ्यांच्या हालचाल-वर्गीकरणात तो तिसऱ्या पायरीवर, म्हणजे हातात आधार घेऊन चालणाऱ्यांत होता. बॉक्सिंग, टेनिस, बोलिंग, गोल्फ अशा खेळांची 11 सत्रे झाली. त्यांपैकी दोन सत्रांत तो इतरांबरोबर खेळला. शेवटी डोळ्यांनी पाहून समजून घेण्याची क्षमता, तोल आणि कुबड्या घेऊन चालणे यांत सुधारणा दिसली. एका मुलावरून नियम ठरत नाही. तरीही दुकानात मिळणारा संच थेरपीत वापरता येतो, हे या अहवालामुळे लोकांसमोर आले आणि त्यानंतर अभ्यासांची रांग लागली.

या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्यांना साधारण असे दिसते: नेहमीच्या थेरपीला जोड म्हणून हे खेळ दिल्यास तोल सुधारतो. हातांच्या कामाबाबत निष्कर्ष संमिश्र आहेत. खेळात आलेले कौशल्य शर्टाची बटणे लावण्यात किंवा शाळेचा जिना चढण्यात कितपत उतरते, याचा पुरावा कमकुवत आहे. बरेच अभ्यास थोड्या मुलांवर झालेले आणि प्रत्येकातील खेळ, कालावधी, सत्रांची संख्या वेगळी, त्यामुळे त्यांची बेरीज करणे कठीण जाते.

घरी करण्याच्या थेरपीबाबत डेन्मार्कमध्ये तयार झालेली मिटी ही इंटरनेटवरील पद्धत महत्त्वाची आहे. ऑस्ट्रेलियात शरीराच्या एकाच बाजूला सेरेब्रल पाल्सीचा परिणाम असलेल्या मुलांवर तिची 20 आठवड्यांची चाचणी झाली. रोजच्या कामांत आणि दृष्टी-आकलनात फायदा दिसला, मात्र ठरवलेल्या तासांपेक्षा प्रत्यक्ष खेळलेले तास बरेच कमी भरले. नव्याची नवलाई ओसरते, तशी ती व्हिडिओ गेमचीही ओसरते.

काळजी

सेरेब्रल पाल्सीत अपस्माराचे प्रमाण बरेच असते. लुकलुकणाऱ्या चित्रांनी काही मुलांना झटका येऊ शकतो, त्यामुळे खेळ सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारणे आवश्यक आहे. ईर्षेने खेळताना ताठरपणा वाढतो, मूल पडू शकते. अतिखेळाने धडधाकट माणसाचाही खांदा दुखावतो. 2007 मध्ये अशा एका रुग्णाच्या दुखण्याला वैद्यकीय पत्रिकेत ‘वीआयटिस’ असे नावही मिळाले. स्नायू झिजत जाणाऱ्या आजारांत थकेपर्यंत खेळवणे टाळावे.

उपकरणांचे आयुष्य हीसुद्धा मोठी अडचण आहे. वीचे उत्पादन थांबले, 2017 मध्ये किनेक्टचेही थांबले, आणि ज्या खेळांवर संशोधन झाले तेच मिळेनासे झाले. मोबाइलच्या साध्या कॅमेऱ्यावरून सांधे ओळखणारी प्रणाली आता ही जागा घेऊ पाहत आहे. 2018 मध्ये मायक्रोसॉफ्टने अपंग खेळाडूंसाठी मोठ्या बटणांचा, हवी ती कळ जोडता येणारा नियंत्रक आणला. त्याचा हेतू मात्र उलट आहे: कमीत कमी हालचालीत खेळता यावे. थेरपीतला खेळ मुलाला हात वर न्यायला लावतो, हा नियंत्रक तो हात मांडीवरच राहू देतो. एकाच मुलाला सकाळी पहिला आणि संध्याकाळी, भावंडांबरोबर न दमता खेळताना, दुसरा लागू शकतो.