नियम लिहिताना: इफ घ्यायचा की स्विच?

(द्राक्ष आणि कांदा बिलिंग वापरणाऱ्या नाशिक परिसरातल्या ग्राहकांसाठी)

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘तुमचे नियम’ नावाचं पान आहे. तिथे जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेत चार-सहा ओळी लिहून तुमचा ऑपरेटर स्वतः दर लावू शकतो. सीझनला सगळ्यात जास्त फोन याच पानासाठी येतात, म्हणून हा कागद.

मोजमाप असेल तिथे इफ, म्हणजे ‘अमुक असेल तर’ अशी अट. मण्याचा आकार, वजन, उधारीचे दिवस, सगळं यात आलं. फक्त ओळींचा क्रम सांभाळा. समजा 16 मिलिमीटर आणि वरच्या मण्याला किलोला 80 रुपये, 18 आणि वरच्याला 95. आधी 16 ची अट लिहिली आणि खाली एल्स इफमध्ये (‘ते नसेल, पण हे असेल तर’) 18 ची, तर 19 चा मणीही पहिल्याच ओळीत अडकतो. त्याला 80 च लागतात. एरर येत नाही, बिल व्यवस्थित छापून निघतं, आणि संध्याकाळी बागायतदार दारात उभा. मोठा आकडा वर ठेवा. नियम बदललात की 15, 16, 18 आणि 19 ची चाचणीपुरती बिलं काढून बघा.

कांद्याच्या लाल, उन्हाळ, गोल्टी अशा ठरलेल्या नावांतून एक निवडायचं असेल तर स्विच. त्यात प्रत्येक नावाची एक केस असते. दोनच नावं असतील तर इफ-एल्स पुरे, उगाच थाट नको. स्विचमध्ये प्रत्येक केसखाली ब्रेक, म्हणजे ‘इथे थांब’ ही खूण, हवाच. आमच्याच माणसाकडून एकदा लालखालचा ब्रेक राहिला. प्रोग्रामने लालचा दर घेतला, तसाच खाली घसरला आणि त्यावर उन्हाळचा दर चढवला. दिवसभर लालच्या पट्ट्या उन्हाळच्या दराने निघाल्या!

डिफॉल्टही लिहा, म्हणजे कोणतंच नाव जुळलं नाही तर काय करायचं ते. कोणी ‘उन्हाळी’ टाइप केलं तर शून्य दराचं बिल निघण्यापेक्षा बिल अडलेलं बरं. आणि ग्रेडच्या चौकटीत टाइप केलेला 1 हा मजकूर असतो, अंक नव्हे. स्विच त्यात फरक करतो, म्हणून केसमध्ये तो अवतरण चिन्हांत लिहा.

(घरातला कोणी पायथन ही दुसरी प्रोग्रामिंगची भाषा शिकलेला असेल तर म्हणेल, स्विच कशाला, मॅच वापरा. पायथनमध्ये 2021 च्या 3.10 आवृत्तीपासून मॅच आहे, पण या पानावर तो चालत नाही.)

लिलावाचा रोजचा भाव मात्र इफमध्येही नको, स्विचमध्येही नको. तो ‘दरपत्रक’ पानावर भरा. अशा वेळी नियमाने फक्त ग्रेड ठरवावी, दर तिथून आपोआप उचलला जातो.