डॅनिश राजाची सनद आणि बी.डी.ची पदवी

पुण्यात बिबवेवाडीच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या संस्थेत, चार-पाच वर्षं काढून बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, ख्रिस्ती धर्मशास्त्राची पदवी) झालेल्या विद्यार्थ्याच्या पदवीपत्रावर पुणे विद्यापीठाचा शिक्का नसतो. ती पदवी देते 'सिनेट ऑफ सेरामपूर कॉलेज', म्हणजे कोलकात्याजवळ हुगळीकाठी असलेलं श्रीरामपूर. (नगर जिल्ह्यातलं नव्हे, ही गफलत आपल्याकडे हमखास होते.) आणि या सिनेटला पदव्या देण्याचा अधिकार मूळचा मिळाला तो डेन्मार्कच्या राजाकडून.

इंग्लिश मिशनरी विल्यम कॅरी 1793 मध्ये बंगालात आला तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते. धर्माच्या भानगडीत पडून व्यापाराला धक्का लागायला नको, हा कंपनीचा सरळ हिशेब. म्हणून 1800 मध्ये कॅरी आणि त्याचे सहकारी जोशुआ मार्शमन, विल्यम वॉर्ड यांनी बस्तान बसवलं ते कंपनीच्या हद्दीबाहेर, डॅनिश ताब्यातल्या सेरामपूरला. तिथे छापखाना आला. मराठी वाचकाला हा छापखाना परका नाही. फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या कॅरीचं मराठी व्याकरण 1805 मध्ये तिथूनच निघालं आणि 1810 मध्ये मोडी अक्षरांतला मराठी कोश. दोन्हींमागे पंडित वैजनाथ शर्मा यांचे कष्ट होते, हे मात्र क्वचितच सांगितलं जातं.

1818 मध्ये या तिघांनी कॉलेज काढलं, पण ते केवळ पाद्री घडवण्यासाठी नव्हतं. 'आशियातील ख्रिस्ती व इतर तरुणांना' पौर्वात्य वाङ्मय आणि युरोपीय शास्त्रं शिकवायची, असा उद्देश त्यांनी जाहीरच केला होता, आणि पहिल्यापासून हिंदू मुलंही तिथे शिकत होती. पुढे मार्शमन युरोपात गेला, कोपनहेगनला राजा सहावा फ्रेडरिक याला भेटला, आणि 23 फेब्रुवारी 1827 ला कॉलेजला पदव्या देण्याची शाही सनद मिळाली. मुंबई, कलकत्ता, मद्रास ही विद्यापीठं अजून तीस वर्षं दूर होती.

सनद मिळाली, पण पदव्या काही दिल्या गेल्या नाहीत. 1845 मध्ये डेन्मार्कने सेरामपूर आणि तमिळ किनाऱ्यावरची आपली दुसरी वसाहत तरंगमबाडी मिळून साडेबारा लाख रुपयांना इंग्रजांना विकून टाकली. सनद तिथेच बुडायची, पण कॉलेजचे हक्क अबाधित राहतील असं एक कलम विक्रीच्या तहात घातलेलं होतं. भारतातल्या थिऑलॉजीच्या, म्हणजे ईश्वरविज्ञानाच्या, पदवीचा पुढचा सगळा इतिहास या एका कलमावर तरला, असं माझं मत आहे.

कारण बाकीची दारं बंदच होती. भारतातल्या शिक्षणाचं धोरण ठरवणाऱ्या चार्ल्स वुडच्या 1854 च्या खलित्याने नवी विद्यापीठं लंडनच्या धर्तीवर काढायची ठरवली आणि धर्मश्रद्धेशी संबंधित कोणताही विषय पदवीच्या परीक्षेत असणार नाही, असंही बजावलं. त्यामुळे 1857 च्या तिन्ही विद्यापीठांत बी.ए. होती, कायदा होता, वैद्यक होतं; ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये मानाचं स्थान असलेली थिऑलॉजी नव्हती. विल्सन कॉलेजसारखी मिशनची कॉलेजं बायबल शिकवत, पण मुंबई विद्यापीठाच्या परीक्षेत त्याला जागा नव्हती. धर्मसेवेचं शिक्षण मिशनांच्या सेमिनऱ्यांत चालायचं. नगरला अमेरिकन मराठी मिशनच्या सेमिनरीत रेव्हरंड ना. वा. टिळक शिकवत. मिशनला गावोगावी पाळक (चर्च सांभाळणारे पाद्री) हवे होते, पदवीधर नव्हे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉर्ज हॉवेल्स या प्राचार्यांनी ती जुनी सनद पुन्हा उघडली. 1915 मध्ये बी.डी.च्या पहिल्या पदव्या दिल्या गेल्या, आणि 1918 मध्ये बंगालच्या कायदेमंडळाने सेरामपूर कॉलेज कायदा करून सिनेटची घडी बसवली. वेगवेगळ्या चर्चपंथांच्या सेमिनऱ्यांना एकाच परीक्षेखाली आणण्याची सोय त्यातून झाली. आज सेरामपूरचं कॉलेज कला आणि विज्ञानासाठी कलकत्ता विद्यापीठाखाली येतं, थिऑलॉजीसाठी मात्र स्वतःच्या सिनेटखाली. बिबवेवाडीची सेमिनरीही याच सिनेटशी जोडलेली. 1983 मध्ये पुण्यात येण्याआधी ती यवतमाळला होती.

त्याच सुमारास बनारस हिंदू विद्यापीठ आणि 1920 मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठ उभं राहिलं. अलीगढला सुन्नी आणि शिया थिऑलॉजीचे वेगवेगळे विभाग आहेत. म्हणजे विद्यापीठात धर्मशास्त्र नको हा नियम सरकारनेच, कायदे करून, बाजूला ठेवला होता.

कॅथोलिकांना या सगळ्याची फारशी गरज पडली नाही. त्यांची परंपरा याहून जुनी आणि सरळ रोमशी बांधलेली. गोव्यातल्या राशोलच्या ज्या जेझुइट (येशूसंघ या कॅथोलिक संघाच्या) कॉलेजात 1616 मध्ये फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं, तिथेच जेझुइटांच्या हकालपट्टीनंतर धर्मप्रांताची सेमिनरी सुरू झाली, ती अजून चालू आहे. पोप तेरावे लिओ यांनी 1893 मध्ये श्रीलंकेत कँडीला पेपल सेमिनरी काढली. तिचं लॅटिन ब्रीद सांगतं की भारता, तुझेच पुत्र तुझ्या तारणाचे सेवक होतील. भारतासाठीची ही सेमिनरी भारताबाहेर होती, ती 1955 मध्ये पुण्यात नगर रस्त्यावर आली. तिथल्या ज्ञानदीप या संस्थेच्या पदव्यांना मान्यता आहे ती व्हॅटिकनची.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या कलम 28 ने पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांत धार्मिक शिक्षणाला मनाई केली. धर्मांचा अभ्यास करायला मात्र मनाई नाही, आणि 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा फरक मान्य केला.

राहता राहिला प्रश्न पाचारणाचा, म्हणजे धर्मसेवेसाठी देवाकडून येणाऱ्या बोलावण्याचा. बी.डी. झालं म्हणजे कोणी आपोआप पाळक होत नाही. दीक्षा द्यायची की नाही, हे त्या त्या चर्चच्या हातात असतं. सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) आणि सीएसआय (चर्च ऑफ साउथ इंडिया) या प्रोटेस्टंट चर्चमध्ये स्त्रियांनाही ती मिळते. कॅथोलिक चर्चमध्ये मिळत नाही, तरीही ज्ञानदीपच्या वर्गांत सिस्टर आणि प्रापंचिक विद्यार्थी ईश्वरविज्ञान शिकायला बसतात. त्यांतले बरेच जण पुढे शिकवतात, लिहितात, सामाजिक काम करतात.