पार्श्वभूमी: घरच्या डिस्कवरचा मराठी सिनेमा, त्याची लांबी आणि कापलेली चौकट

जुना मराठी चित्रपट घरच्या संग्रहातून काढून पुन्हा पाहिला आणि त्यावर लिहिलं, की एक भांडण हमखास निघतं. एकजण लिहितो, कॅमेऱ्याचं काम सुमार आहे. दुसरा म्हणतो, तू पाहिलेली चित्राची चौकटच मुळात कापलेली होती. बहुतेक वेळा दुसऱ्याचं बरोबर असतं, कारण घरात आलेली प्रत आणि थिएटरात दाखवलेली प्रत यांत गेल्या चाळीस वर्षांत बरंच काही घडून गेलं आहे.

कॅसेटचा काळ थोडक्यात आटोपता येईल. १९८२ च्या आशियाई खेळांसोबत रंगीत टीव्ही आले, मागोमाग व्हीसीआर आले. गल्लोगल्ली व्हिडिओ लायब्रऱ्या निघाल्या आणि गणपतीत टीव्ही-व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर तीन-तीन पिक्चर लागू लागले. तीन तासांच्या कॅसेटवर अख्खा चित्रपट मावायचा, म्हणून लांबीचा प्रश्न फारसा आला नाही. आज त्या कॅसेटी कुणाकडे असतील तर आधी बुरशी पाहावी. टेपच्या कडेवर पांढरा थर दिसला तर ती मशीनमध्ये घालू नये. मशीनचं हेड (टेप वाचणारा भाग) खराब होतं आणि त्यानंतर लावलेल्या प्रत्येक कॅसेटला तीच बुरशी लागते. कोकण-मुंबईच्या दमट हवेत हे जास्तच.

खरी गुंतागुंत व्हीसीडीपासून, म्हणजे सीडीवर भरलेल्या चित्रपटापासून सुरू झाली. एका डिस्कवर ७४ ते ८० मिनिटं, चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, आणि चित्राला सेकंदाला फक्त ११५० किलोबिट (१.१५ मेगाबिट) माहिती. अंधारातला प्रसंग किंवा पाऊस आला की चौकोनी ठोकळे दिसतात, ते याच हिशेबामुळे. म्हणून व्हीसीडी पाहून छायाचित्रणावर मत देऊच नये. दोन डिस्कांत जास्तीत जास्त १६० मिनिटं बसायची. चित्रपट त्याहून मोठा असला तर तिसरी डिस्क काढायची, नाहीतर कात्री लावायची. कात्री लागली की सगळ्यात आधी गाणंच जायचं. डिस्क बदलायची जागा आणि मूळ मध्यंतर यांचाही मेळ नसे. आपल्याकडे पटकथा मध्यंतरापर्यंत चढत नेलेली असते. मध्यंतराची पाटीच उडवली की पूर्वार्ध विनाकारण लांबल्यासारखा वाटतो आणि परीक्षणात दोष दिग्दर्शकाला दिला जातो.

२००७ मध्ये व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना मिळू लागली. भाड्याने आणण्यापेक्षा विकत घेणं परवडायला लागलं आणि बहुतेक मराठी घरांतले संग्रह याच सुमारास उभे राहिले. स्वस्ताईला धरूनच ‘थ्री इन वन’ डिस्क आल्या. ४.७ जीबीच्या डिस्कवर अडीच तासांचा एक चित्रपट ठेवला तर सेकंदाला साधारण ४ मेगाबिट मिळतात, तीन कोंबले तर जेमतेम १.४. म्हणजे व्हीसीडीच्या चौपट ठिपके आणि माहिती जवळपास तेवढीच. अशा डिस्कवर डीव्हीडी लिहिलं असलं तरी चित्र व्हीसीडीच्याच तोलाचं समजावं.

प्रत पूर्ण आहे का, हे तपासायची सोय चित्रपटाच्या सुरुवातीलाच असते. सेन्सॉर प्रमाणपत्र दिसलं की तिथे पॉज करावं. त्यावर रिळांची संख्या आणि मीटरमध्ये लांबी असते. ३५ मिमी फिल्म मिनिटाला २७.४३ मीटर धावते, म्हणून ३९०० मीटरचा चित्रपट १४२ मिनिटांचा. डिस्क पाल (भारतातली टीव्हीची पद्धत) असेल तर सेकंदाला २४ ऐवजी २५ फ्रेम पळतात आणि तोच चित्रपट साधारण १३६ मिनिटांत संपतो. हा फरक कापाकापीचा नव्हे. याहून कमी भरलं तरच काहीतरी गेलं आहे. पाल वेगात आवाजही अर्ध्या सुराहून थोडा कमी चढतो. पेटीवरच्या काळी एकमधलं गाणं पांढरी दोनच्या जवळ सरकतं, त्यामुळे गायिकेचा आवाज कोवळा वाटला असं लिहिण्यापूर्वी वेग बघावा. अमेरिकेतल्या मराठी घरांतल्या डिस्क बहुधा एनटीएससी (तिकडची टीव्हीची पद्धत) असतात, तिथे हा घोटाळा होत नाही. प्रमाणपत्रावर डाव्या कोपऱ्यात त्रिकोण असेल तर सेन्सॉर मंडळाने काट सुचवली होती. ती काट डिस्क काढणाऱ्याच्या माथी मारू नये. प्रमाणपत्रावर मीटरच नसतील तर ते व्हिडिओ आवृत्तीचं असण्याची शक्यता आहे आणि हे गणित तिथे चालत नाही.

आता चौकट. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले कितीतरी मराठी चित्रपट १.३७:१ (रुंदी:उंची) या जवळजवळ चौकोनी चौकटीत आहेत. जुन्या ४:३ टीव्हीवर ते जसेच्या तसे बसायचे. घराघरांत रुंद टीव्ही आले तेव्हा दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसू लागल्या, आणि वितरक-वाहिन्यांनी एचडी प्रती करताना त्या घालवायचं ठरवलं. १६:९ भरायचं तर उंचीतला जवळजवळ २३ टक्के भाग कापावा लागतो. तमाशापटात तो भाग म्हणजे नाचणारीचे पाय. घुंगरांचा आवाज येतो आणि पडद्यावर चित्र गुडघ्यापर्यंतच. हा निर्णय ज्यांनी घेतला त्यांनी लावणी पाहिली की नाही, असा प्रश्न पडतो.

कापणाऱ्यांचीही बाजू आहे. ते म्हणतात, प्रेक्षकांना पट्ट्या नको असतात. शिवाय सिनेमास्कोपच्या रुंद पडद्यांवर काही थिएटरवाले अ‍ॅपर्चर प्लेट (प्रोजेक्टरमधली चित्राची चौकट ठरवणारी पट्टी) बदलून अशा चित्रपटांची वरची-खालची कड झाकतच होते, मग आज झाकली तर काय बिघडलं? हा मुद्दा खोटा नाही, पण अपुरा आहे. प्रोजेक्टरवरचा ऑपरेटर फ्रेमिंग वर-खाली करू शकत असे. डिजिटल प्रतीत बहुतेकदा एकदाच मधोमध कापलं की ते शेवटपर्यंत तसंच राहतं. आणि छायाचित्रकाराने झाकलं जाईल असं धरून चित्र बांधलं असेल तर मूळ चौकटीत डोक्यावर आणि पायाखाली चित्रपटभर मोकळी जागा सापडायला हवी. जुनी डिस्क आणि नवी एचडी प्रत शेजारी लावून श्रेयनामावली, समूहनृत्य आणि दोघांचा उभ्याने चाललेला संवाद एवढ्या तीन जागा ताडून पाहाव्यात. नावांची खालची ओळ, पाय आणि फेट्यांचे तुरे एकदम जात असतील तर मोकळी जागा कधी नव्हतीच. अशा वेळी ठोकळे दिसणारी जुनी व्हीसीडी रचनेच्या बाबतीत जास्त प्रामाणिक असते.

सिनेमास्कोपमधल्या रुंद चित्रपटांचं याच्या उलट. २.३५:१ ची चौकट ४:३ मध्ये भरली की रुंदीतला ४३ टक्के भाग जातो आणि संवादातला एकजण पडद्याबाहेर उभा राहतो. तिथे जुनी डिस्क टाळून रुंद प्रत शोधावी.

टीव्हीच्या सेटिंगने होणारं नुकसान वेगळं, आणि ते घरीच थांबवता येतं. कपाळावरचं गोल कुंकू आडवं लंबगोल दिसलं तर ४:३ चं चित्र ताणलेलं आहे. रिमोटवरून ४:३ निवडावं. व्हीसीडीची कॉपी काढताना तिच्या एमपीईजीएव्ही फोल्डरमधली डॅट फाइल (म्हणजे चित्रपट) कॉम्प्युटर कधीकधी अर्ध्यात सोडतो. व्हीसीडीत चूक-दुरुस्तीची जागा कमी करून तिथे चित्र भरलेलं असतं, त्यामुळे प्लेअर जो ओरखडा उडी मारून पार करतो तिथे साधी कॉपी अडकते. मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसावं, गोल फिरवून नाही, आणि वाचता न आलेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे तुकडे) वगळून पुढे जाणारं सॉफ्टवेअर वापरावं. परीक्षणाच्या वरच एका ओळीत माध्यम, पाल की एनटीएससी, मोजलेली मिनिटं आणि चौकट लिहावी.