हौशी स्कूबा डायव्हरला ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ कार्ड लागतं का? पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

मालवण-तारकर्लीला जाऊन आलेले बरेच जण सांगतात, “आमचं स्कूबा झालंय.” त्यांचा झालेला असतो ट्राय डाइव्ह. प्रशिक्षक टाकीला धरून फिरवतो, मासे दाखवतो, व्हिडिओ काढून देतो. अनुभव सुंदरच असतो, पण त्यातून प्रमाणपत्र मिळत नाही आणि त्याच्या जोरावर अ‍ॅडव्हान्स्डला प्रवेशही मिळत नाही. अ‍ॅडव्हान्स्ड म्हणजे 30 मीटरपर्यंत उतरू देणारा पुढचा कोर्स. त्याआधी ‘ओपन वॉटर’ हा 18 मीटरपर्यंतचा पहिला कोर्स पूर्ण करावा लागतो. पुढची माहिती तो कोर्स झालेल्यांसाठी, किंवा लवकरच करणार असलेल्यांसाठी आहे.

हौशी डायव्हरने अ‍ॅडव्हान्स्ड केलंच पाहिजे, असा कायदा आपल्याकडे नाही. कार्ड देणाऱ्या पॅडी, एसएसआय यांसारख्या संस्था खासगी आहेत. ओपन वॉटरचं कार्ड एकदा मिळालं की ते संपतही नाही. 18 मीटरपर्यंत जोडीदाराबरोबर डायव्हिंग करण्यात तुम्ही समाधानी असाल, तर आयुष्यभर त्याच कार्डावर काम भागतं. प्रवाळ आणि रंगीत मासे जास्त करून त्याच थरात असतात, कारण तिथवर ऊन पोचतं.

अडतं ते जागेवर. अंदमानात हॅवलॉकजवळचं डिक्सन्स पिनॅकल, म्हणजे पाण्याखालचे खडकाचे सुळके, 18 मीटरच्या आसपास सुरू होतं आणि 30 मीटरच्या खाली उतरतं. आपल्या विजयदुर्गच्या पश्चिमेला साधारण 105 किलोमीटरवर आंग्रिया बँक आहे, म्हणजे समुद्रात बुडालेला प्रवाळांचा उंचवटा, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा. त्याचा माथाच सुमारे 20 मीटर खोल पाण्यात, म्हणजे ओपन वॉटरची मर्यादा तिथं माथ्याआधीच संपते. अशा जागी बोटीवर चढण्याआधी केंद्रवाले कार्ड मागतात, आणि ते बरोबरच करतात. मालदीवमध्ये तर हौशी डायव्हिंगची 30 मीटरची मर्यादा सरकारी नियमांतच आहे. अ‍ॅडव्हान्स्ड असलं तरी त्याखाली जाता येत नाही.

विम्याचाही विचार करा. डायव्हिंगच्या अनेक पॉलिसींमध्ये तुमच्या कार्डावरच्या खोलीपर्यंतच संरक्षण असतं. “जरा खाली जाऊन येऊ, काही होत नाही,” असं कुणी म्हणालं, तर पॉलिसीतली ती ओळ आठवा.

पॅडीच्या अ‍ॅडव्हान्स्ड ओपन वॉटरसाठी किमान वय 12 वर्षं आहे. ओपन वॉटर किंवा ज्युनियर ओपन वॉटरचं कार्ड हवं; दुसऱ्या संस्थेचं समकक्ष कार्डही चालतं. 12 ते 14 वयाच्या मुलांना ज्युनियर कार्ड मिळतं आणि त्यांची मर्यादा 21 मीटर राहते. 15 वर्षांपासून ती 30 मीटर होते. आधी अमुक इतके डाइव्ह झालेलेच असावेत, अशी अट नाही. ओपन वॉटर संपलं की दुसऱ्या दिवशी अ‍ॅडव्हान्स्ड सुरू करता येतं.

करता येतं, पण मी तसं करायला सांगणार नाही. ओपन वॉटरचे चारच डाइव्ह झालेल्या माणसाचं अर्धं लक्ष अजून मास्कमधल्या पाण्यात आणि कानाच्या दाबात असतं. आणखी दहा-बारा डाइव्ह करा, पाण्यात स्थिर तरंगायला शिका, मग फी भरा. कोर्सच्या त्याच पाच डाइव्हमधून तुम्ही दुप्पट शिकाल.

नावांत मात्र फसगत होते. एसएसआयमध्ये पाच डाइव्हच्या कोर्सला ‘अ‍ॅडव्हान्स्ड अ‍ॅडव्हेंचरर’ म्हणतात. तिथं ‘अ‍ॅडव्हान्स्ड ओपन वॉटर’ व्हायला चार स्पेशालिटी (एकेका विषयाचे) कोर्स आणि एकूण 24 डाइव्ह लागतात. फीची तुलना करताना कोणत्या कोर्सची फी सांगतायत, ते नीट विचारून घ्या.

पॅडीच्या पाच डाइव्हपैकी दोन सक्तीचे, एक खोल पाण्याचा आणि एक दिशाशोधनाचा. उरलेले तीन तुम्ही निवडता: बुडालेलं जहाज, रात्रीचा डाइव्ह, तरंगण्यावर ताबा, असे. लेखी अंतिम परीक्षा नसते. प्रत्येक विषयाचे प्रश्न सोडवून प्रशिक्षकाला दाखवायचे असतात. साधारण दोन दिवसांत होतं.

खोल पाण्याच्या डाइव्हला माझ्या मनगटावर देवळातला लाल गंडा होता. 28 मीटरवर प्रशिक्षकाने त्याकडे बोट दाखवलं. गंडा काळपट दिसत होता. टॉर्च लावला तसा पुन्हा लालभडक. मग त्याने अस्ताव्यस्त आकडे लिहिलेली पाटी पुढे धरली. क्रमाने बोट ठेवत जायचं. बोटीवर सहज केलेलं ते काम खाली रेंगाळलं, आणि मला मात्र वाटत होतं की मी झपाट्याने करतोय. खोलीवर नायट्रोजनने येणारी गुंगी अशीच असते, ती ज्याची त्याला कळत नाही.

हवेचं गणितही तिथंच पटतं. 12 लिटरच्या टाकीत 200 बार दाबाला सुमारे 2400 लिटर हवा असते. वर मिनिटाला 20 लिटर लागत असेल, तर खाली दाब वाढतो तशी 10 मीटरवर 40 आणि 30 मीटरवर 80 लागते. म्हणजे तासभराची टाकी अर्ध्या तासात रिकामी, तीही राखीव हवा न धरता. पॅडीच्या तक्त्यात पहिल्या डाइव्हसाठी, वर येताना सक्तीने थांबावं लागू नये म्हणून, 18 मीटरवर 56 मिनिटं मिळतात, 30 मीटरवर फक्त 20.

अर्ज थेट केंद्राकडेच करायचा, वेगळं सरकारी कार्यालय नाही. नोंदणीला ओपन वॉटरचं ई-कार्ड किंवा कार्ड क्रमांक, ओळखपत्र, फोटो आणि लॉगबुक (झालेल्या डाइव्हची नोंदवही) लागतं. कार्ड हरवलं असेल तर घाबरू नका, संस्थेच्या नोंदींत नाव आणि जन्मतारखेवरून शोधता येतं. जोखमीच्या संमतिपत्रावर सही करावी लागते; 18 वर्षांखालच्यांसाठी आई-वडिलांचीही. शेवटचा डाइव्ह होऊन वर्ष उलटलं असेल, तर आधी उजळणीचं सत्र करा.

सगळ्यात महत्त्वाचा कागद वैद्यकीय प्रश्नावलीचा. त्यात दहा मुख्य प्रश्न असतात: हृदय, फुप्फुसं, कान, शस्त्रक्रिया, चालू औषधं, वय 45 च्या पुढे आहे का. सगळी उत्तरं ‘नाही’ असतील तर तुमची सही पुरते. काही ‘हो’ थेट, तर काही पुढच्या उपप्रश्नांवरून डॉक्टरांकडे नेतात आणि त्यांची सही-शिक्का लागतो. हा फॉर्म गावातल्या डॉक्टरांकडून घरीच भरून घ्या, बेटावर पोचल्यावर धावपळ करू नका. आणि बालपणीचा दमा लपवू नका. पाण्याखाली फुप्फुसात हवा अडकून राहणं जिवावर बेततं, म्हणूनच तो प्रश्न तिथं आहे.

परतीचं तिकीट काढताना शेवटच्या डाइव्हनंतर 18 तास मोकळे ठेवा. बरेच डाइव्ह केल्यावर त्याआधी विमानात बसू नये. ई-कार्ड ईमेलवर येतं. आल्याबरोबर त्यावरचं नाव आणि जन्मतारीख पासपोर्टशी जुळते का पाहा, चूक असेल तर केंद्राला लगेच कळवा.