नाकाचा पडदा सरळ केल्यानंतरचे पहिले दिवस

'नाकाचे हाड वाढले आहे' हे वाक्य नागपुरात मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीपासून धंतोलीतल्या दवाखान्यांपर्यंत सतत कानावर पडते. प्रत्यक्षात बहुतेकांचे हाड वाढलेले नसते. दोन नाकपुड्यांमधला पडदा, जो पुढे कूर्चेचा (हाडापेक्षा मऊ, लवचिक भागाचा) आणि मागे पातळ हाडांचा असतो, तो एका बाजूला कललेला असतो. थोडाफार कल तर बहुतेकांच्या नाकात सापडेल. म्हणून श्वास सतत कोंडत असेल आणि नाकात मारायच्या फवाऱ्यासारख्या औषधांनी फरक पडत नसेल, तरच शस्त्रक्रियेचा विचार होतो.

ही शस्त्रक्रिया बहुधा पूर्ण भूल देऊन, साधारण तासाभरात उरकते. छेद नाकपुडीच्या आत घेतात, त्यामुळे चेहऱ्यावर व्रण राहत नाही. उशीचा अभ्रा सोडवावा तसे पडद्यावरचे अस्तर अलगद उचलले जाते, वाकडा भाग काढला किंवा सरळ केला जातो आणि अस्तर पुन्हा जागेवर बसवले जाते. नाकाच्या वरच्या कडेला आणि शेंड्याला आधार देणारी साधारण १ सेंटिमीटर रुंदीची कूर्चेची पट्टी मात्र राखावी लागते, नाहीतर पुढे नाक बसण्याची भीती असते.

दुखण्याची धास्ती सगळ्यांनाच असते. मला स्वतःला ते साध्या गोळीने आवरले. खरा त्रास झाला तो पहिल्या रात्रीचा. दोन्ही नाकपुड्यांत स्पंजाच्या वड्या ठासलेल्या होत्या, तोंडाने श्वास घेऊन जीभ टाळूला चिकटत होती आणि पाण्याचा घोट घेतला की दोन्ही कान आत ओढले जात होते. नाक बंद असताना गिळले की घशातल्या दाबाचा चढउतार नाकावाटे निघून जाण्याऐवजी घसा आणि कान जोडणाऱ्या नळीतून कानापर्यंत पोचतो, एवढेच त्याचे कारण. पण ते आधी कोणी सांगितले नाही तर माणूस उगाच घाबरतो. सगळेच डॉक्टर अशा वड्या ठेवत नाहीत. काही जण आतून टाके घालतात किंवा सिलिकॉनच्या पट्ट्या बसवतात. वड्या बहुधा २४ ते ४८ तासांत काढतात. त्या क्षणी नाकातून गार हवेचा झोत आत शिरतो, आणि संध्याकाळपर्यंत सुजेने नाक पुन्हा चोंदते. ऑपरेशन फसले असे समजून लोक इथेच हिरमुसतात. वास्तविक सूज आणि खपल्या ओसरायला काही आठवडे लागतात. वरचे पुढचे दात काही दिवस बधिर वाटले तरी दचकू नये. त्या भागाकडे जाणारी एक नस पडद्यावरूनच उतरते.

नाक आत येणारी हवा ओली करते, पण शस्त्रक्रियेनंतर त्याचे अस्तर काही काळ हे काम नीट करू शकत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांकडे सरकतो तेव्हा धडधाकट माणसाचाही घोळणा फुटतो, मग ओल्या जखमेवर खपल्या किती धरतील! मुलांच्या सुट्ट्या पाहून लोक नेमका मे महिना धरतात. हे ऑपरेशन सहसा तातडीचे नसते, तेव्हा तारीख आपल्या हाती असल्यास ती थंडीतली घ्यावी असे मला वाटते.

डॉक्टरांनी सांगितल्यापासून मिठाच्या पाण्याने नाक दिवसातून अनेकदा धुवावे लागते. त्यासाठी पाणी उकळून गार केलेलेच हवे, थेट नळाचे नको. पहिले एक-दोन आठवडे नाक शिंकरायचे नाही, शिंक आलीच तर तोंड उघडे ठेवून द्यायची आणि उशा उंच घेऊन झोपायचे. सिगारेट, खर्रा बंद. तंबाखूतल्या निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरायला वेळ लागतो. गुलाबी पाणी झिरपणे अपेक्षितच आहे. मात्र ताजे रक्त थांबेना, ताप भरला किंवा नाक अचानक अधिक चोंदून ठणकू लागले, तर फोनवर सल्ला न मागता रुग्णालय गाठावे; पडद्यात रक्त साकळले असेल तर ते लगेच काढावे लागते, अन्यथा कूर्चा नासते.

बसून करायच्या कामावर साधारण आठवड्याभरात परतता येते. जड ओझे आणि व्यायामशाळा दोन-तीन आठवडे नको. दुचाकीवर निघताना तोंडाला दुपट्टा बांधण्याची इथली सवय या दिवसांत विशेष उपयोगी पडते, कारण धूळही अडते आणि उच्छ्वासाची ओलही आतल्या आत राहते.